माळ्यावरच्या तबकड्या

प्रश्न: माळ्यावर जुन्या विनोदी नकलांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) ग्रामोफोन तबकड्या सापडल्या. बुरशी चढलीय आणि घरच्या प्लेअरवर फक्त ३३ आणि ४५चा वेग आहे. ऐकायच्या कशा?

उत्तर: स्पिरिट अजिबात लावू नका. या तबकड्या लाखेच्या. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मऊ कापडानं खाचांच्या दिशेनंच पुसा. लेबल कोरडं राहू द्या. एलपीची (३३च्या वेगाच्या तबकड्यांची) बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई घ्या. ४५वर वाजवून रेकॉर्ड करा, मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट करा. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, पण हा ठेवा मोलाचा आहे! लेबलजवळ कोरलेला क्रमांकही टिपून ठेवा.