‘प्रोस्ट्रेट’, ‘डिब्राइडमेंट’ आणि रात्रपाळीचा फोन

प्रश्न : आमच्या ट्यूटर मॅडम ‘प्रोस्टेट’ला कायम ‘प्रोस्ट्रेट’ म्हणतात आणि ‘टोसिस’च्या (पापणी खाली ओघळण्याच्या) स्पेलिंगमधला पहिला ‘पी’सुद्धा उच्चारतात. त्यांना सांगावे का?
— जी.एन.एम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : सांगावे, परंतु भर वर्गात नव्हे. या दोन चुका एका जातीच्या नाहीत. ‘प्रोस्टेट’ ही ग्रंथी आहे, तर ‘प्रोस्ट्रेट’ म्हणजे पालथा पडलेला, लोटांगण घातलेला. तो निराळाच शब्द असल्यामुळे ही चूक तोंडातून थेट कागदावर उतरते आणि केसपेपरवर मी ती अनेकदा पाहिली आहे. ‘प्टोसिस’ म्हणणाऱ्याचा मात्र फारसा अपराध नाही. मूळ ग्रीक शब्दात तो ‘प’ उच्चारला जातच असे. इंग्रजीने तो लिहिण्यात ठेवला आणि बोलण्यातून गाळला, जसा ‘न्यूमोनिया’ आणि ‘सोरायसिस’ या शब्दांतून. तास संपल्यावर पुस्तक घेऊन जावे आणि “मॅडम, यात दुसरा ‘र’ आहे का, माझा गोंधळ होतो,” असे विचारावे. मॅडम स्पेलिंग स्वतःच वाचतील.

प्रश्न : रात्रपाळीत फोनवरून बोलताना डॉक्टरांनी म्हटलेले ‘हायपोकॅलेमिया’ मला ‘हायपरकॅलेमिया’ असे ऐकू आले. वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. अशा शब्दांसाठी काय करावे?
— स्टाफ नर्स, अतिदक्षता विभाग, नाशिक

उत्तर : उच्चाराची खरी किंमत मोजावी लागते ती इथे. ‘हायपोकॅलेमिया’ म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी, ‘हायपरकॅलेमिया’ म्हणजे जास्त. पहिल्या स्थितीत पोटॅशियम द्यायचे असते, तर दुसऱ्या स्थितीत दिलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. आणि घाईच्या बोलण्यात ‘र’ गळला की ‘पो’ आणि ‘पर’ यांच्यात एका स्वराचाच काय तो फरक उरतो. म्हणून नुसत्या शब्दावर विसंबू नये. “पोटॅशियम कमी आहे, टू पॉइंट एट,” असे साध्या भाषेत, आकड्यासह म्हणावे, तोंडी ऑर्डर आधी लिहून घ्यावी आणि लिहिलेले वाचून दाखवून डॉक्टरांकडून होकार घ्यावा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा घोळ टाळण्यासाठी ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असे सुटे अंक बोलावेत. ‘ॲबडक्शन’ (हात-पाय शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे) आणि ‘ॲडक्शन’ (मध्यरेषेकडे आणणे) शिकवताना जुने शिक्षक ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असे फोडून सांगत. ऐकायला ते बेंगरूळ वाटे, पण गोंधळ होत नसे.

आपल्या वह्यांमुळे होणारा एक घोटाळाही सांगतो. गिळण्याच्या त्रासाला ‘डिस्फेजिया’ म्हणतात आणि त्यातला ‘ज’ हा ‘जग’मधला असतो. भाषा बोलण्या-समजण्याच्या बिघाडासाठी जो शब्द आहे त्यात ‘प्लेझर’मधला ‘झ’ आहे, म्हणजे ‘डिस्फेझिया’. ‘जग’ आणि ‘जड’ यांतले दोन ‘ज’ वेगळे ओळखणाऱ्या मराठी कानाला हा फरक अवघड नाही, मात्र लिहिताना आपण दोन्हीकडे एकच ‘ज’ काढतो आणि वहीत दोन आजारांचा एक होतो. पक्षाघाताच्या रुग्णाला यांपैकी एक किंवा दोन्ही त्रास असू शकतात. ड्यूटी बदलताना ‘बोलता येत नाही’ एवढाच अर्थ पोचला आणि सकाळच्या सिस्टरने पाण्याचा पेला ओठांना लावला, तर ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून ‘गिळता येत नाही, तोंडाने काही देऊ नये’ असे मराठीतच सांगावे. ‘इलियम’ची तर गंमतच आहे : कमरेचे हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी उच्चार एकच आहे, त्यामुळे कितीही शुद्ध बोलले तरी ‘हाड’ किंवा ‘आतडे’ हा शब्द जोडावाच लागतो.

औषधांच्या नावांतही हेच घडते. आम्लपित्तावरचे ‘लोसेक’ आणि लघवी वाढवणारे ‘लॅसिक्स’ यांची इतकी गल्लत होऊ लागली की 1990 मध्ये अमेरिकेत ‘लोसेक’चे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले.

प्रश्न : हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखते, त्याला ‘अँजायना’ म्हणणे बरोबर की ‘अँजिना’?
— परिचारिका, सातारा

उत्तर : दोन्ही चालतात. ‘अँजायना’ अधिक रूढ आहे. ज्या उच्चाराने रुग्णाच्या उपचारात काडीचा फरक पडत नाही, त्यावरून वॉर्डात कोणाला टोकू नये.

प्रश्न : मी अठरा वर्षे ‘डिब्राइडमेंट’ असे शिकवत आले. परवा एका विद्यार्थिनीने मोबाइलवर योग्य उच्चार ऐकवला. आता काय करावे?
— नर्सिंग शिक्षिका, सोलापूर

उत्तर : पुढच्या तासाला तिचे नाव घेऊन सांगावे. मीही कित्येक वर्षे हेच म्हणत होतो, कारण स्पेलिंगमध्ये इंग्रजी ‘ब्राइड’, म्हणजे नवरी, आयतीच दिसते. शब्द फ्रेंच आहे आणि त्यातल्या ‘ब्रीद’चा अर्थ लगाम; लगाम काढणे, मोकळे करणे यावरून जखमेतला मृत भाग काढून टाकण्यास हे नाव मिळाले. ‘डिब्रीडमेंट’ म्हणावे. शस्त्रक्रियागृहात सर्जनने ‘डिब्राइडमेंट’ म्हटले, तर ट्रेमध्ये तीच साधने ठेवावीत आणि त्या क्षणी गप्प राहावे.

प्रश्न : परदेशी नोकरीसाठी ओ.ई.टी. ही आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा देत आहे. मराठी वळणाचे इंग्रजी अडचणीचे ठरेल का?
— परिचारिका, रत्नागिरी

उत्तर : त्या परीक्षेत बोलणे सहज समजते की नाही याला गुण असतात, मराठी वळण असणे हा दोष नव्हे. शब्दातला आघात चुकणे मात्र महागात पडते, आणि देवनागरीत उच्चार लिहिला तरी आघात दिसत नाही. ‘कोलोस्टॉमी’तल्या (मोठे आतडे पोटावर उघडण्याच्या शस्त्रक्रियेतल्या) ‘लो’वर आणि ‘कोलेक्टॉमी’तल्या (मोठे आतडे काढण्याच्या शस्त्रक्रियेतल्या) ‘लेक्’वर पेन्सिलीने रेघ मारावी, आपलाच आवाज मोबाइलवर नोंदवावा आणि तो वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला ऐकवून तिने काय ऐकले ते लिहून मागावे.