हजार आवाजांचा माणूस? मेल ब्लँक यांच्याविषयी थोडे सविस्तर

आपण तीन प्रश्न विचारले आहेत: बग्ज बनी हा ससा, डॅफी डक हे बदक, पोर्की पिग हे डुक्कर, ट्विटी हे पाखरू ही अमेरिकी व्यंगपटांतली (कार्टूनमधली) सारी पात्रे खरोखर मेल ब्लँक या एकाच नटाच्या आवाजात आहेत का, असतील तर ते त्याला कसे साधले, आणि त्याला गाजराची ॲलर्जी होती ही गोष्ट खरी का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे असल्याने ते आधी देतो. ॲलर्जी नव्हती. बग्जच्या गाजर चावण्याचा तो करकरीत आवाज दुसऱ्या कोणत्याही भाजीतून निघेना, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी खरेच गाजर चावावे लागे. पण घास चावून गिळेपर्यंत थांबायचे तर पुढचे वाक्य रेंगाळणार, म्हणून मेल ब्लँक तो तुकडा थुंकून टाकत आणि लगेच बोलू लागत. त्या थुंकण्याची ॲलर्जी पुढे सांगोवांगीने झाली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुतेक होय’ असे आहे, आणि त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या त्या सात-सात मिनिटांच्या व्यंगपटांत बग्ज, डॅफी, पोर्की, ट्विटी, सिल्व्हेस्टर हे मांजर, योसेमिटी सॅम, फॉगहॉर्न लेगहॉर्न, पेपे ल प्यू ही पात्रे ब्लँक यांचीच. पण बग्जच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा एल्मर फड हा १९५९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, आर्थर क्यू. ब्रायन या नटाचा आवाज होता. ट्विटीची आजी आधी बी बेनाडेरेट आणि नंतर जून फोरे यांनी रंगवली. ही नावे प्रेक्षकांना ठाऊक नसण्याचे कारण श्रेयनामावलीत आहे. चाळीसच्या दशकात ब्लँक यांनी पगारवाढ मागितली, त्या व्यंगपटांचे निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी ती नाकारली, तेव्हा निदान पडद्यावर नाव तरी द्या, असे ब्लँक म्हणाले आणि ते मान्य झाले. त्या काळी व्यंगपटातल्या आवाजाला असे श्रेय देण्याची पद्धत नव्हती. परिणाम असा झाला, की पुढे कित्येक वर्षे पडद्यावर आवाजासाठी एकट्या ब्लँक यांचेच नाव झळकत राहिले आणि शेजारी उभे राहून काम करणारे चांगले कलावंत अनामिक राहिले. ब्लँक यांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, पण ‘सगळे आवाज एकाचेच’ या समजुतीचे मूळ तिथे आहे.

आता ते साधले कसे, याकडे वळतो. ३० मे १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेला हा मुलगा ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये वाढला. मूळ आडनावाचा (Blank) इंग्रजीत अर्थ ‘कोरा’ असा होत असे. तू तुझ्या आडनावासारखाच कोरा राहशील, असे एका शिक्षिकेने म्हटल्यावर आपण त्याचे शेवटचे अक्षर बदलले, असे ते सांगत. शाळेच्या लांबलचक मार्गिकेत आवाज घुमतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तिथे एक तिरपागडे हास्य घुमवून पाहिले. तेच हास्य १९४० साली वुडी वुडपेकर या व्यंगपटातल्या सुतारपक्ष्याच्या तोंडी आले. त्या पात्राचे काम ब्लँक यांनी थोड्याच व्यंगपटांत केले, कारण वॉर्नरशी झालेल्या करारामुळे त्यांना ते सोडावे लागले. हास्य मात्र पाखराकडेच राहिले आणि त्यावरून पुढे न्यायालयीन वादही झाला.

माझ्या मते त्यांची खरी शाळा म्हणजे नभोवाणी. १९२७ पासून ते पोर्टलंडच्या केंद्रावर काम करू लागले होते. १९३३ मध्ये एस्टेल यांच्याशी विवाह झाल्यावर नवराबायकोने मिळून तिथे एक विनोदी कार्यक्रम चालवला. केंद्राची तयारी आणखी नट नेमण्याची नव्हती, तेव्हा संहितेत जितकी माणसे येतील तितकी ब्लँक यांनाच उभी करावी लागत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नभोवाणीच्या श्रोत्याला चेहरा दिसत नाही, पोशाख दिसत नाही. दोन पात्रे एकाच गळ्यातून बोलत असतील तर केवळ स्वर उंच-खाली करून भागत नाही. प्रत्येकाची श्वास घेण्याची जागा वेगळी लागते, घाई वेगळी लागते, शब्द गिळण्याची किंवा चघळण्याची खोड वेगळी लागते. रोजच्या रोज हे करताना जी सवय लागली, तीच पुढे आयुष्यभर कामी आली.

लॉस एंजेलिसला गेल्यावर श्लेसिंगर यांच्या स्टुडिओत त्यांना पुन्हापुन्हा परत पाठवण्यात आले. अखेर संधी मिळाली ती एका दारुड्या बैलाच्या आवाजासाठी. पाठोपाठ १९३७ मध्ये पोर्की त्यांच्याकडे आला. पोर्की हे तोतरे बोलणारे पात्र. त्याचे आधीचे नट जो डोहर्टी यांना खरोखरच तोतरेपणा होता. तो त्यांच्या ताब्यात नसल्याने ध्वनिमुद्रण लांबत जाई. ब्लँक यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा पोर्की एखाद्या शब्दावर अडतो, तीन-चारदा धडका देतो, आणि शेवटी तो शब्द सोडून देऊन भलताच सोपा शब्द वापरून मोकळा होतो. म्हणजे विनोद अडखळण्यात नाही, सुटका करून घेण्यात आहे; आणि म्हणूनच त्या पात्राविषयी हसताना मायाही वाटते.

ही कामे करताना क्रम कसा असे, हेही सांगायला हवे, कारण अनेकांना वाटते की चित्र तयार झाल्यावर त्यावर आवाज चढवला जात असे. तिथे उलटे होते. संवाद आधी ध्वनिमुद्रित होत आणि ते ऐकून चित्रकार ओठांच्या व अंगाच्या हालचाली काढत. साहजिकच नटाचा विराम, हुंकार, दचकणे यांतून चित्रालाही दिशा मिळे. याखेरीज एक तांत्रिक युक्ती होती: डॅफी, पोर्की, ट्विटी यांचे संवाद मुद्रित करून नंतर त्यांचा वेग वाढवला जाई. डॅफी आणि सिल्व्हेस्टर हे मुळात भाऊभाऊच आहेत. तीच थुंकी उडवणारी, ‘स’ बोबडा उच्चारणारी जीभ, फक्त बदकाचा वेग वाढवलेला. ऐकायला ही पळवाट वाटेल, पण वेग वाढल्यावर शब्द कळावेत, विनोदाचा ठेका चुकू नये, यासाठी बोलताना किती वेगाने बोलायचे याचा अंदाज नटालाच असावा लागतो. आणि मांजराची भेकड आशा नि बदकाची आगाऊ ईर्ष्या यांतला फरक यंत्र करू शकत नाही.

आपला दुसरा प्रश्न ज्या एका उदाहरणाने सुटेल असे मला वाटते, ते १९५१ च्या ‘रॅबिट फायर’ या व्यंगपटात आहे. शिकाऱ्याला चकवण्यासाठी बग्ज बदकाचे सोंग घेतो आणि डॅफी सशाचे. दोघेही एकमेकांच्या आवाजात बोलतात. सामान्य नकलाकाराने इथे दोन आवाजांची अदलाबदल करून काम संपवले असते. ब्लँक तसे करत नाहीत. डॅफी बग्जची नक्कल करतो तेव्हा ती डॅफीनेच केलेली नक्कल वाटते. एका पात्राच्या आत दुसरे पात्र, आणि दोन्हीही शाबूत! ‘हजार आवाजांचा माणूस’ हे त्यांचे बिरूद मला म्हणूनच थोडे अपुरे वाटते. हजार आवाज काढणारा बहुरूपी मिळेल. एका आवाजात दुसऱ्याचा स्वभाव ओळखीचा ठेवणारा नट विरळा.

व्यंगपट बाजूला ठेवून त्यांचे अमेरिकी विनोदवीर जॅक बेनी यांच्या नभोवाणी कार्यक्रमातले काम अवश्य ऐकावे. तिथे त्यांनी सुरुवातीला फक्त अस्वलाचे गुरगुरणे केले. बेनींची खटारा मॅक्सवेल मोटार खोकत, शिंकत, आचके देत सुरू होते, तो सगळा आवाजही ब्लँक यांच्या घशातला. त्यांचे एक पात्र प्रश्नांना फक्त एकेका अक्षराची उत्तरे देते आणि बेनींसारखा कसलेला विनोदवीर समोर हसू आवरण्याची शिकस्त करत राहतो. उलट टोकाचे उदाहरण डिस्नेच्या १९४० च्या ‘पिनोकिओ’चे. त्यातल्या मांजरासाठी त्यांनी संवाद मुद्रित केले, पण पात्र मुके ठेवायचे ठरले आणि चित्रपटात उरली ती केवळ एक उचकी.

२४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरील एका कुप्रसिद्ध वळणावर त्यांच्या मोटारीला समोरासमोर धडक बसली. दोन्ही पाय मोडले, कवटीला इजा झाली, आणि ते सुमारे दोन आठवडे बेशुद्ध होते. घरच्यांच्या हाकांना प्रतिसाद मिळेना, तेव्हा डॉक्टरांनी ‘बग्ज बनी, कसा आहेस?’ असे विचारले, आणि उत्तर आले ते बग्जच्या आवाजात. ही हकिकत इतकी गोड आहे, की लोक तिच्यावरून मेंदूविषयीचे मोठमोठे सिद्धांत मांडतात. तेवढे वजन तिच्यावर टाकू नये असे मला वाटते. मला अधिक विलक्षण वाटते ते त्यानंतरचे: ‘द फ्लिंटस्टोन्स’ या व्यंगचित्र मालिकेत ते नायकाचा शेजारी बार्नी रबल करत होते. काही भागांपुरते डॉज बटलर यांनी ते काम सांभाळले, आणि मग ध्वनिमुद्रणाची सामग्री ब्लँक यांच्या घरी आणण्यात आली. जवळजवळ सर्वांगाला प्लास्टर असलेला माणूस अंथरुणावर पडून शेजारच्या थट्टेखोर मित्राचे खिदळणे मुद्रित करत होता. ऐकणाऱ्याला त्यातले काही कळत नाही.

उतारवयात गळ्याने आपली मर्यादा दाखवलीच. लहानपणापासून जडलेल्या धूम्रपानाने फुप्फुसांना ग्रासले होते. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये बग्ज, डॅफी, पोर्की, ट्विटी, सिल्व्हेस्टर त्यांनीच केले, पण योसेमिटी सॅमचे ते शिरा ताणून ओरडणे ऐंशीच्या घरातल्या गळ्याला झेपणारे नव्हते, म्हणून ते जो अलास्की यांच्याकडे गेले. १० जुलै १९८९ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ब्लँक यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची पात्रे अनेक नटांत वाटली गेली आणि आजही वेगवेगळे कलावंत ती करतात. त्यांतील काहींचे स्वर हुबेहूब जुळतात. आपण जुने आणि नवे लागोपाठ ऐकून पाहा, आणि स्वराकडे लक्ष न देता केवळ विराम कुठे येतात तेवढेच टिपा.