तेलात विरघळणारा क्षार : वंगणातील आयनिक द्रवांविषयी वाचकांचे प्रश्न

वंगणातील पूरक रसायनांवरील मागच्या लेखात आयनिक द्रवांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : आयनिक द्रव हा क्षारच असेल, तर तो इंजिनात घातल्यावर लोखंड गंजणार नाही का? (विद्यार्थिनी, नाशिक)

शंका रास्त आहे. १०० अंश सेल्सिअसच्या आत वितळणाऱ्या क्षारांना आयनिक द्रव म्हणतात. खायचे मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, कारण त्यातले लहान, गोलसर आयन एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यांच्या जागी लांब शेपट्यांचे बेढब आयन आणले की स्फटिकाची घडी नीट बसत नाही आणि क्षार खोलीच्या तापमानालाही द्रव राहतो. चीनमधील लान्झोऊच्या रासायनिक भौतिकी संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये असे द्रव वंगण म्हणून वापरून दाखवले, पण त्या पिढीतल्या बहुतेक द्रवांच्या ऋणायनांत फ्लोरिन होते. टेट्राफ्लोरोबोरेटसारखा ऋणायन ओलाव्याच्या संपर्कात आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि ते पोलाद खाते. इंधन जळताना पाण्याची वाफ होतेच, त्यामुळे इंजिनासाठी हा रस्ता बंदच होता. आता या कामासाठी प्रामुख्याने फॉस्फरसयुक्त, हॅलोजनविरहित (म्हणजे फ्लोरिन, क्लोरीन अशी मूलद्रव्ये नसलेल्या) द्रवांचा विचार होतो.

प्रश्न : तेल आणि क्षार एकमेकांत मिसळतात कसे? आणि मिसळल्यावर झीज नेमकी कशी थांबते? (वंगण कारखान्यातील रसायनज्ञ, तळोजा)

खरी मेख इथेच आहे. इमिडाझोलियम वर्गातल्या एखाद्या द्रवाचा थेंब बेस ऑइलच्या (पूरक रसायने न घातलेल्या मूळ तेलाच्या) बीकरमध्ये सोडून पाहा : तो सरळ तळाला जातो. जोरात ढवळले तर तेल दुधाळ होते, आणि बीकर तसाच ठेवला की थेंब पुन्हा खाली गोळा होतात. तेल अध्रुवीय (ज्याच्या रेणूंत विद्युतभाराची टोके नसतात असे) आणि क्षार आयनांचा, त्यामुळे दुसरे काही होणार नाही. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने, जनरल मोटर्सच्या सहभागाने, यावर तोड काढली. धनायन फॉस्फोनियमचा, चार कार्बनसाखळ्या असलेला. ऋणायन फॉस्फेटचा, त्यालाही दोन फाटेदार साखळ्या. दोन्ही बाजूंनी तेलासारख्या शेपट्यांनी वेढल्यामुळे मधला विद्युतभार झाकला जातो आणि हा क्षार तेलात कोणत्याही प्रमाणात मिसळतो.

झीज थांबण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पिस्टन रिंग स्ट्रोकच्या टोकाला क्षणभर थांबते तेव्हा तेलाचा थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. घासून उघड्या पडलेल्या ताज्या पृष्ठभागावर आयन चिकटतात. हा झाला पहिला थर. मग घर्षणाची उष्णता आणि दाब यांमुळे फॉस्फेट लोखंडाशी अभिक्रिया करते आणि लोह फॉस्फेटयुक्त पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी नॅनोमीटरच्या हिशेबात मोजावी लागते. पुढे झिजायचे ते हा पापुद्रा झिजतो आणि तो पुन्हा धरतही राहतो. थोडक्यात, हे रसायन झिजेच्या जागीच जागे होते.

प्रश्न : झेडडीडीपी असताना नवे कशाला? (वाचक, पिंपरी)

झिंक डायआल्किलडायथायोफॉस्फेट हे १९४० च्या दशकापासून वापरात असलेले झीजरोधक रसायन आहे (झेडडीडीपी हे त्याचेच लघुरूप) आणि त्याला सरसकट बाद ठरवणे मला पटत नाही. अडचण त्यातल्या फॉस्फरसची आहे : जळलेल्या तेलाबरोबर तो धुराड्यात जाऊन तिथल्या उत्प्रेरक परिवर्तकाला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या उपकरणाला, निकामी करत जातो. म्हणून पेट्रोल मोटारींच्या तेलांच्या मानकांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. आयनिक द्रवातही फॉस्फरस असतोच, त्यामुळे एक काढून दुसरे घातल्याने हिशेब आपोआप सुटत नाही. महत्त्वाचा शोध वेगळाच निघाला. एकूण फॉस्फरस तेवढाच ठेवून दोन्ही अर्धे-अर्धे घातले, तर एकट्या कोणाहीपेक्षा झीज आणि घर्षण कमी होते, कारण तेलातच त्यांचे ऋणायन आपसांत बदलतात आणि पृष्ठभागाशी अधिक जमवून घेणारी संयुगे तयार होतात. अशा जोडीच्या पातळ तेलाने इंजिन चाचणीत बाजारातल्या ५डब्ल्यू-३० (हा तेलाच्या दाटपणाचा दर्जा) तेलाच्या तुलनेत सुमारे दोन टक्के इंधन वाचवले. मात्र त्यातला काही वाटा तेलाच्या पातळपणाचा होता, हे विसरू नये.

प्रश्न : मोटारसायकलच्या तेलात अशा रसायनाची बाटली ओतू का? (वाचक, सोलापूर)

नको. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते आणि क्लच प्लेटांना घर्षण हवेच असते. म्हणूनच त्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे, म्हणजे क्लचला पुरेसे घर्षण देणाऱ्या तेलाचे जपानी मानक, लिहिलेले असते. वरून घातलेल्या रसायनाने घर्षण उतरले, तर चढावर क्लच घसरेल, इंजिन नुसतेच गरगरेल आणि गाडी मात्र ओढ घेणार नाही. शिवाय ही रसायने तेल बनवतानाच, डिटर्जंट (धातू स्वच्छ ठेवणारे) आणि डिस्पर्संट (काजळी तेलात तरंगत ठेवणारे) यांच्याशी तोलून घालायची असतात. पृष्ठभागावरच्या जागेसाठी त्यांच्यात स्पर्धा असते. काही आयनिक द्रव कांस्यासारख्या मिश्रधातूंना त्रासही देतात. डब्यावर मानक पाहून तेल घ्या आणि वेळेवर बदला.