तीन कॉर्ड आणि चाळीस वर्षं : वाचकांचे प्रश्न

मोठ्या कंपनीचा करार नाही, रेडिओवर गाणी नाहीत, तरी पंक या दणदणीत रॉक संगीताचे काही वादक चाळीस-चाळीस वर्षं वाजवत राहतात. हे हिशेबात बसतं तरी कसं?

मिळकत वाढवून नव्हे, खर्च वाढू न देऊन. लंडनच्या यूके सब्ज या बँडचा गायक चार्ली हार्पर १९४४ चा. पंकची लाट आली तेव्हाच त्याने तिशी ओलांडली होती. बँडचा पहिला अल्बम १९७९ साली आला, नावाचं आद्याक्षर ए. मग बी, सी असं करत २०१६ मध्ये ते झेडपर्यंत पोहोचले. सव्वीस अल्बम! माणसं कितीतरी वेळा बदलली, दौरे थांबले नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रोच्या मिनिटमेन या त्रिकुटाने काटकसरीला ‘इकॉनो’ असं नावच दिलं होतं. स्टुडिओत जाण्याआधी गाणी तोंडपाठ, तास रात्री उशिराचे कारण ते स्वस्त, टेप आधी कुणीतरी वापरलेली. १९८० च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर सात गाणी आहेत, सगळी मिळून सात मिनिटांच्या आत. वॉशिंग्टनमध्ये त्याच वर्षी टीन आयडल्स हा बँड फुटला, तेव्हा साठलेले पैसे वाटून न घेता मुलांनी त्यातून सात इंची रेकॉर्डच्या हजार प्रती काढल्या. बाजारातल्या एका रेकॉर्डचं पाकीट उलगडून त्याचा आकार गिरवला आणि कव्हरं हाताने कापून, दुमडून चिकटवली. डिस्कॉर्ड ही कंपनी त्यातूनच उभी राहिली आणि ती अजून चालू आहे. तिचा एक संस्थापक इयान मॅके पुढे फुगाझी या बँडमध्ये वाजवू लागला, तेव्हा त्यांच्या बहुतेक कार्यक्रमांचं तिकीट पाच डॉलर असे.

तुम्ही दौरा आखत असाल तर एक वही घाला. इंधन, मुक्काम, जेवण, तारा, ड्रमच्या काठ्या, फ्यूज, सगळं मांडा आणि बेरजेला कार्यक्रमांच्या संख्येने भागा. दहा कार्यक्रम ठरले असतील तर नऊने भागा, कारण एखादा ऐन वेळी रद्द होतोच. येणारा आकडा म्हणजे एका रात्रीची किमान बिदागी. रेकॉर्ड-टीशर्टची विक्री त्यात धरू नका, ती पुढच्या छपाईसाठी बाजूला राहू द्या. मूळ टेप आणि गाण्यांचे हक्क कुणाकडे, हे बँड गुण्यागोविंदाने नांदत असतानाच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वीस वर्षांनी जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायची वेळ आली की हाच कागद शोधला जातो.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको : गाडी. मिनिटमेनचा गिटारवादक डी. बून २२ डिसेंबर १९८५ रोजी अॅरिझोनात गाडीच्या अपघातात वारला. ताप होता म्हणून तो व्हॅनच्या मागच्या भागात पट्टा न लावता आडवा झाला होता, आणि मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, तुटला. तो २७ वर्षांचा होता. बेसवादक माइक वॉट कोलमडला, पण थांबला नाही. फायरहोस हा नवा बँड काढला, २००३ पासून स्टूजेस या बँडमध्ये वाजवलं. दौऱ्याआधी अॅक्सल, ब्रेक आणि टायर मेकॅनिककडून तपासून घ्या. अँप (अॅम्प्लिफायर) आणि पेट्या पट्ट्यांनी बांधा, आणि सामानावर कुणालाही झोपू देऊ नका.

कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहते. कापसाचे बोळे घालून पाहिले, उपयोग झाला नाही. बँड सोडावा लागेल का?

सोडू नका, पण कापूस आजच फेकून द्या. तो जेमतेम काही डेसिबल अडवतो, तेही वरच्या पट्टीतले.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास थांबणं ही सुरक्षिततेची मर्यादा धरली जाते. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत ड्रम आणि दोन अँप चालू असताना आवाज सहज १०५ च्या आसपास जातो. म्हणजे पाच मिनिटांतच दिवसाचा कोटा संपतो, आणि तुमची तालीम दोन तासांची असते. दोन दिवस टिकणारी शिट्टी ही कानाच्या आतल्या केसपेशींना बसलेल्या माराची खूण आहे. मेलेली पेशी पुन्हा येत नाही.

फोमचे प्लग भरपूर अडवतात, पण तीव्र स्वर जास्त कापतात. सगळं घोंगडीतून ऐकल्यासारखं होतं, मग माणूस वैतागून ते काढतो. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच, साधारण १५ किंवा २५ डेसिबलने उतरवतात. गायक आणि गिटारवादकाला १५ चे, ड्रमरला २५ चे. फोमवरच भागवायचं असेल तर प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. अर्धवट आत गेलेला प्लग म्हणजे पुन्हा कापूसच.

प्लग घातल्यावर पहिले काही दिवस स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. तो कवटीतून येतो, प्लग खराब नाही. गायकाने मात्र एवढं लक्षात ठेवावं की मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज पुरेसा नसला की नकळत जास्त ओरडलं जातं आणि घसा बसतो. बसलेल्या घशाने कुजबुजणंही टाळावं, त्याने स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. सरळ गप्प बसावं.

आणखी एक चूक तालमीच्या जवळपास प्रत्येक खोलीत दिसते. गिटारचा अँप जमिनीवर असतो आणि त्याचा तीव्र आवाज वादकाच्या गुडघ्यांवर आदळतो. त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून तो अँप वाढवतो, मग ड्रमर जोरात मारतो, मग बेसवाला वाढवतो. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, तोंड कानाकडे. सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतील.

अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं तर ‘बघू उद्या-परवा’ नको. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडतं.

बँडच्या ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट आणि दोन रीळं हाती लागली आहेत. रीळ लावलं तर किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी चिकटा बसतो. काय करावं?

यंत्र ताबडतोब बंद करा, रीळ पुन्हा फिरवू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच व्यावसायिक टेपांचा हा रोग आहे, अँपेक्स ४५६ त्यात सर्वांत बदनाम. चुंबकी थर पट्टीला धरून ठेवणारा बाइंडर हवेतली ओल शोषतो आणि चिकट होतो. तशाच अवस्थेत टेप वाजवली तर तो थर, म्हणजे तुमचं गाणंच, हेडवर खरवडून निघतं.

उपाय आहे तो भाजण्याचा. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला, पाव इंची टेप असेल तर साधारण आठ तास, आणि मग तितकाच वेळ सावकाश थंड करायची. तापमान स्थिर राखणारं इनक्युबेटर किंवा फळं सुकवायचं यंत्र चालतं. घरातला ओव्हन मुळीच नको, त्यात तापमान उड्या मारतं. गुण काही आठवडे टिकतो, तेवढ्यात ध्वनी उतरवून घ्या. पण आधी रीळ उजेडासमोर धरा. प्रकाश आरपार दिसला तर ती जुनी अॅसिटेट टेप आहे, ती भाजली तर कायमची जाईल. हात बसलेला नसेल तर पहिलं रीळ जाणकाराकडेच द्या.

कॅसेटला सहसा हा रोग होत नाही, तिची दुखणी वेगळी. आतली फेल्टची गादी गळून पडते, मग टेप हेडला टेकत नाही आणि आवाज मातकट होतो. स्क्रू असलेली चांगली रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही चकत्या उचलून तिच्यात बसवा. ९० मिनिटांच्या टेपची जाडी साधारण १२ मायक्रॉन, १२० वाल्याची ९. ती ताणली जाते, म्हणून भराभर मागे-पुढे फिरवू नका.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. मग हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने अॅझिमथ, म्हणजे हेडचा कल, जुळवा. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी सावकाश फिरवा. एका जागी झांजा एकदम उजळतात, तीच जागा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं, कारण ती ज्या यंत्रावर भरली त्याचा हेड जसा कलला होता तसाच तुमचाही कलायला हवा. डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, भरताना चालू होती का हे ठाऊक नसेल तर ती बंद ठेवून उतरवा.

ध्वनी ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल असा उतरवा. तासाला सुमारे २ जीबी लागतात. तीन प्रती करा आणि एक दुसऱ्या पत्त्यावर ठेवा. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि कोण वाजवत होतं हे लिहा, आणि मूळ टेप टाकू नका. फुगाझीने आपल्या आठशेहून जास्त कार्यक्रमांच्या टेपा जपल्या होत्या, म्हणून २०११ पासून त्यांना त्या लोकांसाठी खुल्या करता आल्या.

सात इंची रेकॉर्डच्या एका बाजूला सात मिनिटं बसवली. आवाज लहान आला आणि शेवटचं गाणं फाटतं. दोष छपाईचा का?

बहुधा लांबीचा. मिनिटाला ४५ फेऱ्यांवर दणदणीत आवाज हवा असेल तर साडेचार मिनिटांच्या आत राहा. त्यापुढे सुई ज्यातून फिरते ते चर एकमेकांच्या अगदी जवळ कापावे लागतात, म्हणून आवाज उतरवावा लागतो. तबकडीच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकतो, आतल्या टोकाला जेमतेम २५. तेवढ्याच तीव्र स्वरांना तिथे कमी जागा मिळते. झांजा आणि ‘स’कार जास्त असलेलं गाणं पहिलं ठेवा. बेस मोनो करा, साधारण १५० हर्ट्‌झच्या खालचा सगळा.

चाचणी प्रती आल्या की सगळ्या ऐका. टकटक एकाच प्रतीत असेल तर ती त्या प्रतीपुरती. सगळ्यांत त्याच सेकंदाला येत असेल तर दोष साच्यात आहे, छपाई थांबवायला सांगा.

खाली-खाली स्ट्रोक मारून वाजवतो. प्रत्येक कार्यक्रमात तार तुटते, नेहमी ब्रिजपाशीच.

म्हणजे सॅडलवर, ब्रिजमध्ये तार जिथे टेकते त्या तुकड्यावर, धार आली आहे. तार काढून तिथे नख फिरवा, अडकलं तर ६०० नंबरच्या आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. १०-४६ जाडीच्या तारांचा संच वापरत असाल तर ११-४९ घ्या, पण त्यानंतर गिटारची मान आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा तपासून घ्या. हात मनगटातून चालू द्या, कोपर अखडवून नव्हे. रमोन्स या बँडचा गिटारवादक जॉनी रमोन याने १९७४ ते १९९६ असा २,२६३ कार्यक्रमांचा पल्ला असाच खालच्या स्ट्रोकवर मारला. मनगटात कळ आली तर त्या दिवशीची तालीम तिथेच थांबवा.