मॉरिशसमध्ये रिसॉर्टच्या बाहेर काय खावं, आणि मूळचे तिथलेच प्राणी-पक्षी कुठे बघावेत?

तुम्ही विचारलंय की फॅमिलीसोबत मॉरिशसला चाललोय, तिथले पारंपरिक पदार्थ कोणते आणि मूळचे तिथलेच प्राणी कुठे दिसतील. नोकरीमुळे मी तिथे काही वर्षं राहिलोय आणि या दोन्ही गोष्टी मला फार जवळच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. तिथल्या ताटात जे पडतं ते जवळजवळ सगळं जहाजातून बाहेरून आलेलं आहे, आणि तिथले मूळचे जीव संपत आले तेही जहाजातून आलेल्या गोष्टींमुळेच.

आधी खाणं. दालपुरी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. हरभऱ्याची डाळ शिजवून, हळद-जिरं घालून कोरडी वाटतात आणि मैद्यात भरून अगदी पातळ लाटतात, म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढला तर जे होईल ते साधारण हेच. नेहमी जोडीने देतात, आत मोठ्या पांढऱ्या वालांची करी, टोमॅटोचं रुगाय (मसालेदार रस्सा), कोथिंबिरीची चटणी आणि मिरची, कागदात गुंडाळून हातात, आणि ती उभ्या उभ्या गाडीवरच खायची, हॉटेलच्या बुफेतली दालपुरी बहुतेक वेळा गार आणि वातड असते. ही बिहारकडून ऊसतोडीला नेलेल्या मजुरांची देणगी. १८३४ पासून इंग्रजांनी लाखो भारतीय मजूर करारावर तिथे नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, गणेश चतुर्थीला तर देशभर सरकारी सुट्टी असते. ज्या घाटावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट राजधानी पोर्ट लुईमध्ये आहे, सेंट्रल मार्केटपासून चालत जाता येतं, तो बघा आणि मग मार्केटमध्ये येऊन अलुदा प्या (दूध, सब्जा, आगर-आगर, मुलांना हमखास आवडतं).

सकाळी गाटो पिमा, म्हणजे डाळ भिजवून वाटून मिरची-कांदापात घालून तळलेले छोटे वडे, तिथले लोक ते बटर लावलेल्या पावात दाबून खातात. मासे खात असाल तर विंदाय शोधा, तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. ऑक्टोपसची करी आणि सॅलड पण मस्त, फक्त १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर त्याची पकड बंद असते, त्या काळात कोणी ताजा म्हणून देत असेल तर घेऊ नका. आणि कोणाच्या घरी जेवायचा योग आला तर ब्रेद मागा, साधी पालेभाजी, शेवग्याचा पाला नाहीतर अळूची पानं, पातळ रस्सा आणि भात. टुरिस्टला हे कोणी आपणहून वाढत नाही पण रोजचं खाणं हेच.

आता प्राण्यांकडे. माणूस येण्याआधी या बेटावर वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. म्हणजे तुम्हाला रस्त्यात दिसणारी माकडं, जंगलातली हरणं, मुंगूस, सगळे बाहेरचे. हरीण डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलं, आज त्याची करी तिथला खास पदार्थ म्हणून मेन्यूवर असते, खुशाल खा. डोडो खलाशांनी खाऊन संपवला असं सगळे सांगतात, पण मोठं कारण म्हणजे जहाजातून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या आणि उडता न येणाऱ्या पक्ष्याचं त्यांच्यापुढे काय चालणार. डच १५९८ मध्ये उतरले आणि डोडो दिसल्याची शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची, इतक्या कमी वेळात संपलं सगळं. त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक आपल्या निकोबारचा कबुतर आहे.

पण जे वाचलं ते बघायला तरी जाच. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा, १९७४ मध्ये जंगलात फक्त ४ उरल्याची नोंद होती, कारण डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी आणि जंगलतोड. मग जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या टीमने पहिली अंडी उचलून यंत्रात उबवायची, म्हणजे मादी परत अंडी घालते, अशा पद्धतीने संख्या शेकड्यांत नेली. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमाराला जंगलात दहाएक उरले होते, तेही आज शेकड्यांत आहेत. मला या लोकांबद्दल प्रचंड आदर आहे, कारण तेव्हा बऱ्याच जाणकारांनी हे पक्षी गेल्यातच जमा धरले होते.

बघायचं कुठे? आग्नेय किनाऱ्यावरच्या माएबूर गावाजवळ इल ओ एग्रेत नावाचं २६ हेक्टरचं बेट आहे, तिथले उंदीर-मांजरं काढून मूळची झाडं परत लावलीत, गुलाबी कबुतर तिथे अगदी जवळून दिसतं, आणि बेटावरची मोठी कासवं नामशेष झाली म्हणून त्यांच्या जागी सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची कासवं सोडलीत, कारण बिया पसरवायला कोणीतरी हवं ना. २०२० मध्ये अपघात झालेल्या वाकाशिओ जहाजातलं तेल या बेटापर्यंत आलं होतं तेव्हा लोकांनी उसाचा पाला भरून तरंगते बांध बनवले. तिथला मूळचा पोपट बघायचा असेल तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात जा. तिथे मोसमात लोक लाल छोटे पेरू तोडून मीठ-मिरची लावून खाताना दिसतील, तुम्हीही भरपूर खा, ते झाड बाहेरून आलेलं आहे आणि त्याने मूळचं जंगल गिळलंय, चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय.

लिचीचा विषय मात्र नाजूक आहे. तिथलं मोठं फळवटवाघूळ लिची-आंबे खातं म्हणून २०१५ पासून सरकारने ही वटवाघळं हजारोंनी मारली. बागायतदाराचं नुकसान खरं आहे, पण जंगलातल्या कितीतरी झाडांच्या बिया तेच पसरवतं, त्यामुळे जाळी लावणं हाच मला योग्य मार्ग वाटतो.

सिंहासोबत फोटो काढायच्या पार्कवर दिवस घालवू नका, सिंह मॉरिशसचा नाहीच. गंगा तलाव या तीर्थस्थळी माकडांना काही खायला देऊ नका, तीच माकडं पक्ष्यांची अंडी खातात. इल ओ एग्रेतला गाइडशिवाय सोडत नाहीत, बोट आधी बुक करा, टोपी आणि डास पळवायचं क्रीम न्या, आणि परत आल्यावर माएबूरमध्येच दुपारी मासे जेवा.