वाचकांचे प्रश्न : गर्भपातानंतरचं गर्भनिरोधक साधन

प्रश्न : ‘तांबीला हो म्हणा, नवऱ्याची सही आणा, मगच गर्भपात’ असं दवाखान्यात सांगितलं. हे खरं का? साधन नंतर आशाताईंकडून घेतलं तर चालेल?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ही अट बेकायदा आहे. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तुमची लेखी संमती लागते. नवऱ्याची सही नको. तांबी नाकारली म्हणून गर्भपात अडवता येत नाही, आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ठामपणे सांगा.

पण ‘कापूसवेचणी उरकू दे, पाळी येऊ दे’ म्हणत थांबू नका. पाळी येण्याआधीच, दोन आठवड्यांच्या आतसुद्धा पुन्हा दिवस जाऊ शकतात. पिशवी साफ केली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर डॉक्टर त्याच वेळी तांबी बसवू शकतात. गोळ्यांनी गर्भपात झाला असेल तर पिशवी रिकामी झाल्याची खात्री करून, पहिल्या गोळीपासून साधारण १५व्या दिवशी. तोवर निरोध वापरा. आशाताई निरोध आणि माला-एन, छाया या गर्भनिरोधक गोळ्या देतात. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर ३ महिन्यांनी दवाखान्यातच. छाया घेण्यात चूक हमखास होते : पहिले ३ महिने आठवड्यातून २ गोळ्या, ठरलेल्या दोन वारी, नंतर आठवड्याला १. रोज नाही.