वाचकांचे प्रश्न : वृषण शरीराबाहेर का असतात?

प्रश्न : इतके नाजूक वृषण पोटात सुरक्षित न राहता बाहेरच्या पिशवीत का असतात? एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणे हा दोष आहे का?

उत्तर : शुक्राणूंच्या निर्मितीला शरीराच्या ३७ अंश सेल्सिअसपेक्षा सुमारे २ ते ४ अंश कमी तापमान लागते, आणि म्हणूनच गर्भावस्थेत पोटात तयार झालेले वृषण बहुधा जन्मापूर्वीच वृषणकोशात उतरतात. हा कोश नुसती पिशवी नव्हे. थंडीत स्नायू वृषणांना शरीराजवळ ओढतात व उष्णतेत सैल सोडतात. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे असते आणि त्यातून परतणारे थंड रक्त येणाऱ्या रक्तातील उष्णता वाटेतच काढून घेते. साऱ्या रचनेत मला हीच योजना सर्वांत चतुर वाटते. शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात, त्यानंतर तो अधिवृषणाच्या (वृषणाला लागून असलेल्या, गुंडाळलेल्या नलिकेच्या अवयवाच्या), उलगडल्यास सुमारे ६ मीटर भरणाऱ्या, नलिकेतून जाताना परिपक्व होतो. त्यामुळे तीव्र तापाचा परिणाम वीर्यतपासणीत काही आठवड्यांनीही दिसू शकतो.

एक वृषण, बहुधा डावा, किंचित खाली असणे स्वाभाविक आहे. मात्र अचानक तीव्र वेदना झाल्यास तासाभराचाही विलंब न करता रुग्णालयात जावे, कारण वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.